इटालियन साहित्य शिकायला इटलीत जाताय? मराठीची शिदोरी बांधून न्या

बारावीनंतर मी घरी सांगितलं, इटलीत जाऊन इटालियन साहित्य शिकायचंय, तेव्हा वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "तिथल्या पोरांची ती मायबोली. त्यांच्या बरोबरीला तू कधी येणार?" प्रश्न रास्त होता. पाच वर्षं, तीन पदवीची आणि दोन पदव्युत्तर, मी त्याच प्रश्नाशी झुंजत होते. आता दरवर्षी दोन-चार मुलंमुली विचारायला येतात आणि मी केली तीच चूक तीही करताना दिसतात. सगळे इंग्रजीतून इटालियनकडे जातात. पुस्तक इंग्रजी, शब्दकोश इंग्रजी, उच्चारही इंग्रजी वळणाचे. माझं जवळजवळ एक वर्ष त्यात गेलं. मराठी माणसाला इटालियनकडे जायची जवळची वाट आहे आणि ती घरातूनच निघते. ती वाट आणि पुढचे टप्पे क्रमाने सांगते.

पहिला टप्पा: कुठल्या दारातून आत जायचं

इटलीतली पदवी तीन वर्षांची, १८० क्रेडिटची. तिला 'लाउरेआ त्रिएन्नाले' म्हणतात. त्यापुढची 'माजिस्त्राले' दोन वर्षांची, १२० क्रेडिटची. साहित्यासाठी पदवीला 'लेत्तेरे' (वर्ग एल-१०) आणि पदव्युत्तरला 'फिलोलोजिया मोदेर्ना' (वर्ग एलएम-१४) ही नावं शोधा. विद्यापीठांच्या पानांवर अभ्यासक्रमाची नावं निरनिराळी दिसतात, वर्गाचा क्रमांक मात्र सगळीकडे तोच असतो.

प्रवेशाला बारा वर्षांचं शालेय शिक्षण लागतं. आपली बारावी त्यात बसते. बी.ए. झालेले सरळ माजिस्त्रालेला अर्ज करतात आणि तिथे अडतात, कारण इटालियन साहित्य आणि भाषाविज्ञानाचे ठरावीक क्रेडिट आधीच हातात असावे लागतात. दिल्ली विद्यापीठातून इटालियन ऑनर्स केलेल्यांना ही अडचण सहसा येत नाही. इंग्रजी, मराठी किंवा इतिहास घेऊन पदवीधर झालेल्यांनी 'कोर्सी सिंगोली', म्हणजे सुटे विषय, घेऊन ती तूट भरावी, नाहीतर पुन्हा त्रिएन्नालेपासून सुरुवात करावी. तीन वर्षं वाया जातील असं वाटतं, पण साहित्याच्या बाबतीत तरी ती वाया जात नाहीत.

इटलीत इंग्रजीतून शिकवले जाणारे अभ्यासक्रम आता भरपूर आहेत. इटालियन साहित्य मात्र इटालियनमध्येच शिकवतात. तसंच शिकायला हवं.

शहर निवडताना माझं मत स्पष्ट आहे. भाषा नुकतीच जमू लागली असेल तर सिएना किंवा पेरुजा बघा. दोन्ही ठिकाणी 'परदेशीयांसाठीचं विद्यापीठ' नावाची सरकारी विद्यापीठं आहेत, आणि डोंगरावरची ती लहान गावं पायी फिरून होतात. बेकरीवाला, लायब्ररीतला शिपाई, शेजारच्या आजी अशी तीच माणसं रोज भेटतात आणि रोज बोलावं लागतं. बोलोन्या (स्थापना १०८८) आणि पादोव्हा (१२२२) यांचा दबदबा मोठा आहे, पण तिथे पहिल्या दिवसापासून इटालियन मुलांच्या शेजारी बसून त्यांच्याच वेगाने नोट्स काढायच्या असतात.

दुसरा टप्पा: भाषा, आणि इथेच मराठी कामाला येते

बहुतेक ठिकाणी भाषेची बी-२ पातळी, म्हणजे युरोपी मोजपट्टीवरची मध्यमाच्या वरची पायरी, लागते. सिएनाची 'चिल्स', पेरुजाची 'चेली', दान्ते अलिगिएरी संस्थेची 'प्लीदा' आणि रोमा त्रे विद्यापीठाची परीक्षा, या चारपैकी कुठलंही प्रमाणपत्र सहसा चालतं. मुंबईत इटालियन सांस्कृतिक केंद्र आहे, चौकशीची सुरुवात तिथून करा.

आता उच्चार. इटालियनमधले त आणि द अगदी आपलेच, दातांना जीभ लावून म्हटलेले. पण इंग्रजीतून शिकलेला मराठी मुलगा 'तुत्तो' (सगळं) या शब्दाचा 'टुट्टो' करतो. कारण काय, तर रोमन लिपीतला टी दिसला की त्याला शाळेतलं इंग्रजी आठवतं. वहीत शब्द देवनागरीत लिहून ठेवा, महिनाभरात फरक ऐकू येईल.

इटालियन 'झेड' बहुतेक परदेशी मुलांना छळतो. आपल्याला तो आधीच येतो. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च आपण कुणी न शिकवता वेगळा म्हणतो की नाही? त्या 'चाक'मधल्या चचा उच्चार म्हणजेच पिझ्झातला झेड. आणि 'जागा'मधल्या जचा उच्चार म्हणजे 'झेरो' (शून्य) या इटालियन शब्दातला झेड. हिंदी भाषकाला हे दोन्ही आवाज मुद्दाम कमवावे लागतात. आपल्या तोंडात ते दुधाच्या दातांपासून आहेत. 'पता' आणि 'पत्ता' यांतला फरक कळतो त्याला 'नोनो' (नववा) आणि 'नोन्नो' (आजोबा) यांतला फरकही चटकन कळतो.

व्याकरणात तर याहून मोठा ठेवा आहे. 'मला पुस्तक आवडतं' हे इटालियनमध्ये 'मी प्याचे इल लीब्रो'. इथला 'मी' म्हणजे 'मला', 'प्याचे' म्हणजे 'आवडतं', आणि कर्ता पुस्तक. पुस्तकं अनेक झाली की 'मी प्याच्चोनो इ लीब्री', म्हणजे 'मला पुस्तकं आवडतात'. क्रियापद पुस्तकांच्या मागे जातं, आपल्यासारखंच. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे 'मी' हाच कर्ता धरतो आणि वर्षभर तीच चूक करतो. 'मला लागतं', 'मला आठवतं', 'मला वाटतं' या सगळ्यांसाठी इटालियनमध्ये त्याच घडणीची वाक्यं आहेत.

दुसरं उदाहरण. आपण 'मी पोळी खाल्ली' आणि 'मी आंबा खाल्ला' म्हणतो, खाणारा कुणीही असो, क्रियापद खाल्लेल्या वस्तूचं लिंग घेतं. इटालियनमध्ये वस्तूऐवजी तिचं सर्वनाम क्रियापदाआधी आलं की हेच होतं. पिझ्झा स्त्रीलिंगी, म्हणून 'लो मान्जाता', ती मी खाल्ली. जेलातो पुल्लिंगी, म्हणून 'लो मान्जातो', तो मी खाल्ला. हा नियम वर्गात शिकवला तेव्हा शेजारची जर्मन मुलगी हताश झाली होती. मला त्यात नियमच दिसेना, इतका तो आपला वाटला.

मराठी जिथे साथ देत नाही तीही ठिकाणं सांगते. नामाआधीची उपपदं आणि 'कोंजुंतीव्हो' नावाचं शंका-इच्छेचं रूप, यांची रोज घोकंपट्टी करावी लागते. आणि 'पस्सातो रेमोतो' हा दूरचा भूतकाळ. भाषेच्या वर्गात तो फार उशिरा येतो, कारण बोलताना, विशेषतः उत्तरेत, तो क्वचितच वापरतात. साहित्यात मात्र पानापानावर 'फू', 'दिस्से', 'वीदे', 'एब्बे' (होता, म्हणाला, पाहिलं, मिळालं) हीच रूपं भेटतात. ती निघायच्या आधीच पाठ करा.

तिसरा टप्पा: कागदपत्रं

'युनिव्हर्सिताली' या सरकारी पोर्टलवर पूर्वनोंदणी करायची. बारावीच्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, त्यांचा इटालियन अनुवाद, आणि पात्रता दाखवणारं 'चिमेआ'चं पत्र किंवा वाणिज्य दूतावासाचं 'दिक्यारात्सिओने दी व्हालोरे'. दोन्हींपैकी काय चालतं ते आपल्या विद्यापीठाला ईमेल करून लेखी घ्या. त्यानंतर अभ्यासाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा. इटलीत उतरल्यावर कामाच्या आठ दिवसांत पोस्टात जाऊन निवास परवान्याचा अर्ज भरायचा. त्याला १६ युरोचं मुद्रांक तिकीट लागतं आणि मिळालेली पावती जिवापाड जपायची असते. या परवान्यावर आठवड्याला २० तास काम करता येतं.

नावाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मला त्याचा फटका बसला. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर रचना वेगळी. इटलीत प्रत्येकाला १६ अक्षर-अंकांचा 'कोदिचे फिस्काले' मिळतो आणि तो नावातूनच तयार होतो. पहिली तीन अक्षरं आडनावाच्या व्यंजनांची, पुढची तीन नावाच्या व्यंजनांची, मग जन्मवर्ष, महिन्याचं अक्षर आणि तारीख. मुलींच्या तारखेत ४० मिळवतात, म्हणजे ७ तारखेला जन्मलेल्या मुलीचा आकडा ४७. भारतात जन्मलेल्यांना झेड-२२२ हा देशाचा संकेत. माझ्या एका कागदावर वडिलांचं नाव माझ्या नावात धरलं गेलं, दुसऱ्यावर नाही. दोन कागदांवर दोन मुली झाल्या आणि पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती हातची गेली. अपोस्टिलच्या आधी सगळे कागद पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून घ्या.

शिष्यवृत्ती प्रांताप्रांताची असते. ती घरच्या उत्पन्नावर मिळते आणि अर्जाची मुदत बहुधा आपण इटलीत पोचायच्या आधी, उन्हाळ्यातच संपते. सरकारी विद्यापीठांची फीसुद्धा उत्पन्नावरच ठरते. त्यासाठी आईवडिलांचं उत्पन्न, घर, गावाकडची जमीन, कुटुंबातली माणसं, या सगळ्याचे कागद अनुवाद करून लागतात. मार्चपासून मागे लागा.

चौथा टप्पा: पहिलं सत्र

वेळापत्रकात ९ म्हटलं की बऱ्याच ठिकाणी तास सव्वानऊला सुरू होतो. त्याला 'शैक्षणिक पाव तास' म्हणतात. एक क्रेडिट म्हणजे २५ तासांचं काम, म्हणजे १२ क्रेडिटच्या विषयाला ३०० तास, आणि त्यातले बरेचसे तुमचे एकट्याचे, पुस्तकासोबतचे. प्रत्येक विषयाचा 'प्रोग्राम्मा' जाहीर होतो, त्यात तासांना बसणाऱ्यांची आणि न बसणाऱ्यांची वाचनयादी वेगवेगळी असते. तुम्ही बसा. न बसणाऱ्यांना पुस्तकं जास्त असतात आणि आपल्याला ऐकायचा सराव हवाच असतो.

प्राध्यापकांशी 'लेई' म्हणून बोलायचं, 'तू' नाही. आपण आजोबांना अहो-जाहो करतो ना, तसंच. आठवड्यातला एक तास त्यांचा 'रिचेव्हिमेंतो' असतो, त्या वेळी कुणीही भेटायला जाऊ शकतं. मी पहिलं सत्र संकोचाने गेले नाही. तुम्ही दुसऱ्याच आठवड्यात जा आणि सांगा की मी भारतातून आले, शाळेत हे काही वाचलेलं नाही, काय आधी वाचू?

हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण शेजारी बसलेल्या इटालियन मुलांनी एकोणिसाव्या शतकातल्या मान्झोनीची गाजलेली कादंबरी शाळेत वाचलेली असते आणि मध्ययुगातला महाकवी दान्ते तीन वर्षं अभ्यासलेला असतो. ही दरी भरायला त्यांच्या शाळेतलीच पाठ्यपुस्तकं घ्या. साहित्याचे इतिहास आणि वेचे असलेले जाडजूड खंड जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळतात, तळटीपांत प्रत्येक अवघड शब्दाचा अर्थ असतो. शब्दकोश इटालियन-इटालियन वापरा. त्रेक्कानीचा कोश इंटरनेटवर फुकट आहे.

पाचवा टप्पा: दान्ते मोठ्याने वाचायचा

'दिव्हीना कोम्मेदिया' या त्याच्या महाकाव्याचे तीन भाग, ३४, ३३ आणि ३३ मिळून १०० सर्ग, १४,२३३ ओळी. आकडे बघून धडकी भरते. मला धीर आला तो एका संध्याकाळी, पहिली ओळ बोटांवर मोजली तेव्हा.

नेल-मेद्-झो-देल-काम्-मीन-दी-नो-स्त्रा-व्ही-ता.

अकरा. दुसरी ओळ मोजली तर बारा भरली. मग कळलं की 'सेल्व्हा' (रान) शब्दाच्या शेवटचा 'आ' आणि 'ओस्कूरा' (काळोखं) शब्दाच्या आरंभीचा 'ओ' एका दमात म्हणायचे, एकच अवयव धरायचा. झाले अकरा. आपण मोठ्या अभंगाची अक्षरं सहा-सहा-सहा-चार अशी मोजत शाळेत वाढलो, आपल्या बोटांना हे काम ठाऊक आहे. त्यानंतर मी दान्ते मनात वाचलाच नाही. खोलीत फेऱ्या मारत, टाळ धरल्यासारखी बोटं आपटत मोठ्याने वाचला. तीन-तीन ओळींच्या कडव्यात मधल्या ओळीचं यमक पुढच्या कडव्यात जातं, साखळीच्या कडीत कडी अडकावी तसं, आणि ते डोळ्यांआधी कानाला कळतं.

सहावा टप्पा: तोंडी परीक्षा

साहित्याच्या बहुतेक परीक्षा तोंडी असतात, सगळ्यांसमोर, खुल्या वर्गात. गुण ३० पैकी, उत्तीर्ण व्हायला १८, उत्तम झालं तर '३० ए लोदे'. सरासरी शेवटी ११० वर नेतात, म्हणजे २७ ची सरासरी ९९ होते आणि प्रबंधाचे गुण त्यावर मिळतात.

माझी पहिली परीक्षा. बाईंनी पुस्तक उघडून माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "लेग्गा." वाचा. मी वाचलं, ओळींचा गद्य अर्थ सांगितला. मग त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "'नोस्त्रा' का?" आपल्या आयुष्याच्या वाटेवर मध्येच, असं दान्ते म्हणतो, आणि पुढच्याच ओळीत 'मी' एका काळोख्या रानात सापडलो. आपल्या का, माझ्या का नाही? मी सनावळ्या पाठ करून गेले होते. दान्तेचा जन्म १२६५, हद्दपारी १३०२, मृत्यू १३२१. त्यातली एकही तिथे उपयोगाची नव्हती. मी गप्प बसले. गुण मिळाले २१.

ते नाकारता येतात, हे लक्षात ठेवा. अनेक ठिकाणी "नको, पुन्हा येते" म्हणायची मुभा असते आणि त्यात कमीपणा नाही. हिवाळा, उन्हाळा आणि सप्टेंबर अशा सत्रांत परीक्षेच्या तारखा, म्हणजे 'आप्पेल्लो', पुन्हा येतात. मी नाकारले आणि पुढचा महिना दुसऱ्यांच्या परीक्षा ऐकायला मागच्या बाकावर जाऊन बसले. खुली परीक्षा असल्याचा हा मोठा फायदा आहे. कोण काय विचारतं, कुठे थांबवतं, चांगली मुलं एका शब्दावरून सगळ्या काव्याकडे कशी जातात, हे तिथेच शिकले. तयारी करताना रोज एक उतारा घ्या. मोठ्याने वाचा, सोप्या इटालियनमध्ये सांगा, मग एका शब्दावर पाच मिनिटं बोला. फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐका. ऐकायला लाज वाटते, पण दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

सातवा टप्पा: भाषेचा इतिहास टाळू नका

'इटालियन भाषेचा इतिहास' हा विषय कोरडा म्हणून मुलं टाळतात. मराठी माणसाने तो आवर्जून घ्यावा. शके १२१२, म्हणजे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली. त्याच वर्षी फ्लोरेन्समध्ये दान्तेचं जिच्यावर प्रेम होतं ती बेआत्रीचे वारली, पंचविशीतल्या दान्तेच्या कवितेला ज्या दुःखाने वळण दिलं ते हेच. संस्कृत सोडून मराठी, लॅटिन सोडून लोकांची बोली, हा निर्णय दोन्हीकडे एकाच पिढीत झाला. पुढे दान्तेने लोकभाषेची बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला तो लॅटिनमध्येच, कारण पटवायचं होतं पंडितांना.

मग १५२५ मध्ये बेम्बो नावाचा पंडित सांगतो की इटालियन पद्य लिहावं चौदाव्या शतकातल्या पेत्रार्का या कवीसारखं आणि गद्य त्याच काळातल्या बोक्काच्चो या कथाकारासारखं. १५८३ मध्ये 'अक्कादेमिया देल्ला क्रुस्का' ही भाषेची संस्था स्थापन होते, १६१२ मध्ये तिचा कोश येतो. मिलानचा मान्झोनी १८२७ मध्ये कादंबरी छापतो, तिची भाषा त्याला पसंत पडत नाही, म्हणून तो फ्लोरेन्सला जातो आणि १८४० ते ४२ मध्ये सगळी कादंबरी तिथल्या बोलीच्या वळणाने पुन्हा छापतो. 'आर्नो नदीत कपडे खळबळून घेणं' असं त्याने या कामाला म्हटलं आणि तो वाक्प्रचारच झाला. १८६१ मध्ये देश एक झाला तेव्हा, भाषाशास्त्रज्ञ तुल्लियो दे माउरो यांच्या हिशेबाने, फक्त अडीच टक्के लोक इटालियन बोलत होते. बाकीचे नेपल्सची, व्हेनिसची, सिसिलीची आपापली भाषा बोलत. प्रमाणभाषा कुणाची आणि बोलीचं काय, हा वाद ज्याने घरी ऐकलाय त्याला हे वाचताना परकं वाटणार नाही.

शेवटचा टप्पा: प्रबंध

विषय निवडताना पुन्हा घराकडे बघा. इटलीच्या स्वातंत्र्यलढ्यातला नेता मॅझिनी याच्यावरचं सावरकरांचं मराठी पुस्तक १९०७ मध्ये आलं, मॅझिनीच्या मूळ लेखनाशी ते ताडून बघणं हे मराठी आणि इटालियन दोन्ही येणाऱ्याचंच काम. व्हेनिसचा प्रवासी मनुची १६६५ मध्ये जयसिंगाच्या छावणीत शिवाजी महाराजांना भेटला होता. रोमचा प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६२३-२४ मध्ये गोव्यात होता.

माझा ओढा फ्लोरेन्सच्या फिलिप्पो सासेत्तीकडे. मिरीच्या व्यापारासाठी तो १५८३ मध्ये भारतात आला आणि १५८८ मध्ये गोव्यात वारला. मधल्या काळात घरच्यांना आणि मित्रांना तो लांबलचक पत्रं लिहीत राहिला. एका पत्रात तो म्हणतो की इथल्या पंडितांच्या भाषेतले बरेच शब्द आपल्यासारखे आहेत, आणि सहा, सात, आठ, नऊ, देव, साप ही उदाहरणं देतो. सेत्ते-सात, ओत्तो-आठ, नोव्हे-नऊ, सेर्पे-सर्प. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं सांगणारं विल्यम जोन्सचं प्रसिद्ध व्याख्यान याच्या दोनशे वर्षांनंतरचं.

मार्गदर्शक, म्हणजे 'रेलातोरे', तुमच्या परीक्षा ज्यांनी घेतल्या त्यांच्यापैकीच निवडा. तुमचं बोलणं त्यांनी ऐकलेलं असतं. भेटायला जाताना विषयाचं एक पान लिहून न्या, पण ते पिशवीतच राहू द्या. समोर बसा आणि आधी तोंडाने सांगा.